काळी आणि पांढरी

आमच्या गावाचे नाव दर्यापूर. नाव ऐकून नवख्या माणसाला वाटावे, की येथे वेशीपाशी लाटा फुटत असतील आणि आठवडी बाजारात कोळणी मासळी विकत असतील. प्रत्यक्षात समुद्र आमच्यापासून दीडदोनशे कोस दूर. वऱ्हाडच्या इमादशाहीत दर्या इमादशहा म्हणून एक राजा होऊन गेला. त्याच्यावरून गावाला हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. गावाला दर्या मिळाला नाही, पण दर्याची चव मात्र मिळाली. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा हा खारपाणपट्टा. विहीर खणावी, हौसेने पहिली ओंजळ तोंडाला लावावी आणि तोंड वाकडे करून म्हणावे, "खारं हाय बाप्पा!" या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई आमच्याकडे चहाची पारख दुधावरून करीत नाही, पाण्यावरून करतो.

तर अशा या दर्या नसलेल्या दर्यापुरातली पोरे अलीकडे खऱ्या दर्याकडे जाऊ लागली आहेत. कोणी मुंबईला, आणि एखाददुसरा थेट 'खाडीत'. हा शब्द आमच्याकडे हिंदीच्या वाटेने आला. हिंदीत खाडी म्हणजे आखात; मराठीत खाडी म्हणजे जमिनीत शिरलेले समुद्राचे बोट. त्यामुळे "आमचा पोरगा खाडीत गेला," असे एखाद्या वऱ्हाडी बापाने सांगितले, तर कोकणातला माणूस दचकून विचारील, "मग सापडला का?"

माझा एक जुना विद्यार्थी असाच खाडीत गेला आहे. दुबईत एका कचेरीत तो नकाशे काढतो. वर्गात असताना त्याचे मराठी बेताचे होते. व्याकरणाचा तास चालू असताना हा वहीच्या समासात घरांचे आराखडे काढीत बसे आणि मी त्याबद्दल त्याला दोनदा उभे केले होते. आता तो समास त्याला पोसतो आणि व्याकरण मला, तेव्हा कोणाचे खरे ठरले ते तुम्हीच ठरवा. गेल्या दिवाळीत तो खजुराचा डबा घेऊन भेटायला आला. दादा घरीच होता. त्याने त्या पोराला फराळाच्या ताटावरून उठवले आणि आमच्या वावरात नेले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचे चार एकर वावर गावाला लागून, अंजनगावच्या रस्त्याकडे आहे. आजोबांच्या काळी ते गावापासून लांब होते. बैलबंडीने जावे लागे आणि पावसाळ्यात पांदणीत चाके रुतत. पलीकडून मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला जाई. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली ती अरुंद रुळांची आगगाडी. तिच्या शिट्टीवर वावरातली न्याहारी ठरे. ती गाडी थांबली, रुळांमध्ये बाभळी उगवल्या. गाव मात्र चालतच राहिले आणि चालत चालत आमच्या धुऱ्यापर्यंत येऊन पोचले. शेजारच्या वावराचे प्लॉट पडले. आता दादाच्या मनात आमच्याही वावराचा लेआऊट करायचा होता. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावे आहेत, म्हणून माझी सही हवी होती.

मी काहीतरी भावनेचे बोललो. वडिलांचे नाव घेतले असावे. दादा शांतपणे म्हणाला, "तू पगारी मानूस. तुले वावर म्हंजे कविता हाय. मले वावर म्हंजे हप्ता हाय." यावर उत्तर नव्हते. बोंडअळीने नासवलेला कापूस, वेचणीची वाढलेली मजुरी, मुलीच्या लग्नाचे कर्ज, हे सगळे त्याच्या खांद्यावर होते. माझ्या खांद्यावर फक्त पिशवी होती आणि तिच्यात वर्गाच्या वह्या होत्या. मी म्हटले, "काढा नकाशा."

आमच्या दुबईकराने सुटीतले आठ दिवस त्या कामाला दिले. चार एकर म्हणजे सोळा हजार चौरस मीटर. त्यातली दहा टक्के जागा नियमाने मोकळी सोडायची, नऊ-नऊ मीटरचे रस्ते काढायचे आणि उरलेल्यात प्लॉट बसवायचे. त्याने छप्पन प्लॉट बसवले. कागद मोठा देखणा दिसत होता. रस्ते काटकोनात, प्रत्येक चौकोनात एक आकडा, आणि मोकळी जागा नाल्याच्या कडेला एका कोपऱ्यात, हिरव्या रंगात. ती कोपऱ्यात टाकण्याची सूचना दादाची. त्या कोपऱ्यात पाणी साचते, तेथे प्लॉट खपत नाही. तेव्हा देवाच्या नावाने सोडायची ती नासकी सुपारी, या न्यायाने सगळेच असे करतात.

मी तो नकाशा चष्मा लावून पाहिला. 'मोकळि जागा' असे लिहिले होते. 'ळि' मी लाल शाईने दीर्घ केली. 'दक्षीण' ऱ्हस्व केली. आणि खाली लिहिले, 'ठीक.' हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या रात्री ओसरीवर गप्पा निघाल्या. मी त्याला विचारले, "तुमची ती दुबई, ती काय कोणी कागदावर काढली आणि मग बांधली?"

तो म्हणाला, "पहिला कागद होता सर. १९६० सालचा." आणि त्याने जे सांगितले ते मला इतके नवलाचे वाटले, की पुढे महिनाभर मी त्या विषयाचे मिळेल ते वाचीत राहिलो. मराठीच्या माणसाला असा एखादा नाद लागला म्हणजे घरातले लोक काळजीत पडतात. पण ऐकण्यासारखी गोष्ट आहे.

१९६० साली दुबई म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचे बंदर. म्हणजे तालुक्याच्या गावाएवढेच. मध्ये खाडी, आपल्या मराठी अर्थाची खाडी. अलीकडे बर दुबई, पलीकडे देरा, आणि जायला-यायला होड्या. पक्के रस्ते नाहीत. तेलाचा थेंब सापडलेला नाही. तेल सापडले १९६६ साली आणि त्याची निर्यात सुरू झाली १९६९ साली. खाडीत गाळ साठून गलबते अडू लागली, तेव्हा तेथल्या शेख रशीदने कर्ज काढून ती उपसायला घेतली. आणि त्याच सुमारास जॉन हॅरिस नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाला बोलावून गावाचा आराखडा करायला सांगितले. या हॅरिसने त्याआधी दोह्याचे रुग्णालय बांधले होते. त्याने रस्त्यांची आखणी केली; कारखाने कोठे, बाजार कोठे, सरकारी इमारती कोठे, नव्या वस्त्या कोठे, हे ठरवून दिले. खाडीवर पहिला पूल १९६३ साली झाला. तेल निघाल्यावर आराखडा अपुरा पडला, तेव्हा १९७१ साली त्याच हॅरिसने दुसरा केला.

गंमत अशी, की त्या काळी त्या गावचे व्यवहार आपल्या रुपयांत चालत. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढीत असे. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तो संबंध तुटला. आज आमचा पोरगा तेथून पैसे पाठवतो. तेव्हाचा दुबईकर आपलाच रुपया मोजून गवंड्याची मजुरी देत होता. काळाचे चाक असे फिरते.

मला या गोष्टीतले काय आवडले ते सांगतो. खिशात काही नसताना त्या गावाने पुढच्या माणसांसाठी जागा सोडली. कोण येणार, किती येणार, हे ठाऊक नव्हते. आपण पाहुणे आल्यावर सतरंजी शोधतो; त्यांनी आधी अंगण झाडून ठेवले.

पण त्याच किनाऱ्यावरची दुसरी गोष्ट निराळी आहे. कुवेतने दुबईच्या आधी, १९५२ साली, आराखडा करून घेतला. मिनोप्रियो, स्पेन्सली आणि मॅकफर्लेन या लंडनच्या तिघांनी तो केला. त्या गावाला मातीचा परकोट होता, १९२० साली संरक्षणासाठी बांधलेला. पिण्याचे पाणी शत्त-अल-अरब नदीतून गलबतांनी आणावे लागे. हे वाचून खारपाणपट्ट्यातल्या माझ्यासारख्याचा जीव त्या लोकांसाठी कळवळला. मग तेलाचा पैसा आला. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना १९५३ साली निघाला. परकोट १९५७ साली पाडून टाकला, वेशी तेवढ्या आठवणीला ठेवल्या. परकोटाबाहेर गोलगोल रस्ते आणि नव्या वसाहती झाल्या. आतली जुनी घरे सरकारने भरपूर पैसे मोजून विकत घेतली आणि पाडली. माणसे बाहेर गेली, पैसेवाली झाली, आणि ज्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लावून चार पिढ्या राहिल्या होत्या त्या नाहीशा झाल्या.

आमच्या अमरावतीलाही परकोट आहे. १८०७ साली पेंढाऱ्यांच्या भयाने बांधायला घेतलेला, पाच दरवाजांचा आणि चार खिडक्यांचा. आज कोठे तो पडला आहे, कोठे त्याला टेकून दुकाने लागली आहेत. पण आत वस्ती आहे. अंबागेट म्हटले की देवी आठवते, जवाहरगेट म्हटले की कापडाची दुकाने. मला वाटते, पैसा कमी असल्यामुळे काही काही गोष्टी वाचतात, हेही एक भाग्यच.

आमच्या पोराला मी विचारले, "आणि तू तेथे राहतोस कोठे?"

"आता बरी खोली आहे सर. पहिली दोन वर्षे सोनापुरात होतो."

मी दचकलो. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सची स्मशानभूमी. तो हसला. दुबईच्या कडेला मजुरांच्या राहण्याच्या इमारतींचा एक भाग आहे, त्याला तेथले लोक सोनापूर म्हणतात. उंच इमारती बांधणारी माणसे सकाळी बशीत बसून तेथून निघतात आणि रात्री तेथे येऊन झोपतात. "एका खोलीत आठ जण होतो," तो म्हणाला. "मी दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचो." एवढे बोलून तो गप्प बसला. मीही काही विचारले नाही.

कोणी म्हणेल, एवढे लांब कशाला जायचे? खाडी आपल्याकडेही आहे, आणि खाडीपलीकडचे शहरही आपण केले आहे. ते खरेच आहे. १९४८ साली मुंबई महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर नावाचा अमेरिकन या दोघांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. मोडक म्हणजे ज्यांचे नाव वैतरणेवरच्या मोडकसागराला आहे ते; आणि मेयर म्हणजे चंदीगडचा पहिला आराखडा करणारा. मुंबई बेटावर माणसे मावणार नाहीत, ती पसरली पाहिजे, हे तेव्हाच दिसत होते. पुढे स. गो. बर्वे यांच्या समितीने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा असे सुचवले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, नुसती उत्तरेकडे लांबत जाणारी मुंबई खाडी ओलांडून पूर्वेकडे न्यावी, ही कल्पना मांडली. मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या नियतकालिकात ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आकार घेऊ लागली.

कल्पना थोर होती, यात शंका नाही. पण ज्या ३४४ चौरस किलोमीटरांवर ती आखली ते काही कोरे कागद नव्हते. तेथे ९५ गावे होती. भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. आगरी-कोळी लोक पिढ्यान् पिढ्या खाऱ्या पाण्याला बांध घालून त्यामागे भात पिकवीत होते. जमिनीचा मोबदला नाममात्र ठरला. दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली माणसे उठली. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ जासईच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका तयार भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. आज वाशी-नेरूळची रुंद रस्त्यांची शहरे पाहून आपण वाखाणतो. त्या साडेबारा टक्क्यांची किंमत काय पडली हे तेथली माणसे विसरलेली नाहीत. आणि तेही ज्यांचा जमिनीवर हक्क कागदावर होता त्यांचे. ज्यांची फक्त पावले त्या जमिनीवर होती, त्यांना काय मागता येणार?

हे सगळे मी वाचीत होतो, टिपणे काढीत होतो, आणि मनातल्या मनात त्या मोठ्या माणसांना नावे ठेवीत होतो. हॅरिसला काय दिसले नाही, मिनोप्रियोला काय कळले नाही, सरकारचे कोठे चुकले. घरबसल्या दुसऱ्यांचे आराखडे तपासण्यासारखे सुख नाही.

आणि एका सकाळी मामी आली.

मामी म्हणजे आमच्या सालदाराची बायको. मामा आमच्याकडे सालाने लागले तेव्हा मी नववीत होतो. आम्ही त्यांना मामाच म्हणत आलो. आता त्यांचे वय झाले आहे, साल सुटले आहे, पण वावराच्या वरच्या कोपऱ्यात, धुऱ्याला लागून, त्यांचे कुडाचे, वर टिनपत्रे टाकलेले घर आहे. तेथेच त्यांच्या दोन मुली लहानाच्या मोठ्या झाल्या आणि तेथूनच सासरी गेल्या. मामी ओसरीच्या पायरीवर बसली. चहा घेतला. बराच वेळ पदराशी चाळा केला आणि मग म्हणाली, "मास्तर, तुमी तो नकाशा पाह्यला म्हन्ते. आमचं घर कोन्त्या नंबरात हाय?"

मी नकाशा काढला. चष्मा लावला. वरच्या कोपऱ्यात सतरा नंबरचा प्लॉट होता आणि त्याच्या अर्ध्यावरून नऊ मीटरचा रस्ता जात होता. घर कोठेच नव्हते. मी आठ दिवस तो कागद पाहिला होता. एक ऱ्हस्व इकार मला दिसला होता, आणि बत्तीस वर्षांचे एक घर दिसले नव्हते.

त्या पोराला बोलावून विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सातबाऱ्यावर नाही ना ते. मोजणीच्या नकाशातही नव्हते. कागदावर जे होते ते मी काढले." त्याला रागावण्याचा मला अधिकार नव्हता. 'ठीक' मी लिहिले होते.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती आजवर मी कोणाजवळ बोललो नव्हतो. मी अकरावीत असताना, एका अक्षयतृतीयेला, सालाचा नवा करार ठरत होता. मामा म्हणाले, औंदा दोन पोते ज्वारी वाढवून द्या. वडील म्हणाले, ज्वारीचे काय घेऊन बसलास, तो धुऱ्याचा कोपरा तुझाच, बांध तेथे घर. मी तेथे आंब्याच्या रसाची वाटी घेऊन उभा होतो. त्या व्यवहाराला तिघे हजर होते. वडील गेले. दादा त्या दिवशी बाजाराला गेला होता. म्हणजे साक्षीदार तेवढा मी उरलो. दोन पोते ज्वारी त्या माणसाने त्या कोपऱ्यापायी सोडली होती, दरसाल.

दादाला मी हे सांगितले. त्याने बराच वेळ नकाशाकडे पाहिले आणि विचारले, "मंग? कोनाच्या हिश्शातून द्याचं?"

वाचक हो, येथे मी लगेच "माझ्या" असे म्हणालो असे लिहिता आले असते, आणि या निबंधाला ते शोभलेही असते. मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "पाहू." घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. एका प्लॉटची किंमत म्हणजे माझे किती महिन्यांचे वेतन, मुलाच्या शिक्षणाचे किती, म्हातारपणाचे किती. दोन रात्री तो हिशेब चालला. तिसऱ्या दिवशी पत्नीने तो कागद उचलून पाहिला आणि म्हणाली, "यात ती ज्वारी कुठे धरली आहे?" मी म्हटले, कोणती ज्वारी? ती म्हणाली, "मामांची. बत्तीस वर्षांची."

तिच्यासमोरच मी गुणाकार करून पाहिला. चौसष्ट पोती झाली. मग मी दादाकडे गेलो.

मामांना आम्ही बोलावले. त्यांनी नकाशा हातात घेतला. त्यांना अक्षरओळख नाही. तरी त्यांनी तो वळवून वळवून, नाला कोठे, विहीर कोठे, निंब कोठे, हे विचारून घेतले आणि मग बोट ठेवून म्हणाले, "हे चाळीसपासून सेहेचाळीसपर्यंतचे लोक बुडतीन." पोळ्याच्या सुमाराला मोठा पाऊस झाला, की वरचे पाणी निंबाखालून, विहिरीला वळसा घालून नाल्याला मिळते. ती त्याची जुनी वाट. आम्ही तिच्यावर सात घरे बसवली होती.

"मंग तू इतके दिवस काऊन नाही बोल्ला?" दादाने विचारले.

"कोनी इचारलंच नाही," मामा म्हणाले.

मराठीचा शिक्षक म्हणून मला त्या क्षणी काय आठवले ते सांगतो. आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानीत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त हे शब्द शिकवताना मी मुलांना दरवर्षी अर्थ सांगतो. पण ते नुसते शब्द नव्हेत, त्यांत वसाहतशास्त्र आहे, हे कधी सांगितले नव्हते. आमची काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उथळ पायाची भिंत उभी केली तर दोन वर्षांत तडकते. म्हणून जुन्या माणसांनी उंचवट्याची, मुरमाची, पाणी न धरणारी जागा हेरून तेथे पांढरी वसवली. मामांचे घर ज्या कोपऱ्यात आहे तेथे चार एकरांतला एकुलता एक मुरमाड उंचवटा आहे. त्यांनी काळीतली पांढरी शोधून काढली होती.

आपल्या रिद्धपूरच्या परंपरेतल्या महानुभावांनी चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' लिहून ठेवली. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले ते ते ठिकाण, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोठे, नदी कोणीकडे, हे सारे तीत शब्दांत टिपले आहे. तो एक नकाशाच. मात्र कोरी जमीन पाहून काढलेला नव्हे, तर येथे कोण होते, कोण बसले, कोण जेवले, हे विचारीत विचारीत काढलेला. मला वाटते, आराखडे करणाऱ्या मोठमोठ्या माणसांच्या हातून जे निसटले ते एवढेच. पुढे कोण येणार याचा विचार त्यांनी पुष्कळ केला. आधी कोण आहे हे विचारायचे राहून गेले. आणि ते राहून जायला लंडनहूनच यावे लागते असे नाही. दर्यापुरातल्या ओसरीवर बसूनही ते राहते.

नकाशा पुन्हा काढला. मोकळी जागा नाल्याच्या कोपऱ्यातून उचलून मध्ये, निंबाखाली आणि विहिरीभोवती, पाण्याच्या वाटेवर आणली. नाल्याकडच्या पडीक कोपऱ्यात जेवढे बसतील तेवढे प्लॉट बसवले. रस्ता सरकवला. सतरा नंबर पुरा मोकळा झाला. छप्पनाचे त्रेपन्न झाले. गेलेल्या दोन प्लॉटांचे नुकसान आम्ही दोघांनी वाटून घेतले. आणि सतरा नंबर माझ्या हिश्शातून गेला. दादा मात्र एवढ्यावर थांबला नाही. "इहीर बांधाचा खर्च माह्या," असे तो निघता निघता म्हणाला, आणि कोणी काही बोलण्याच्या आत फटफटीला लाथ मारून गेला. खाऱ्या विहिरीला कठडा कशाला, असे मी विचारणार होतो. पण मोकळ्या जागेत उद्या पोरे खेळतील हे त्याच्या आधी लक्षात आले होते.

मामांना सांगितले, तेव्हा ते हात जोडतील अशी माझी वेडी कल्पना होती. ते म्हणाले, "देत असान तं कागदावर द्या. तोंडी तं तुमच्या बाबानं बी देल्लंच होतं." म्हातारा हे रागाने बोलला नाही. हवापाण्याचे बोलावे तसे बोलला. ते दरवर्षी पौषातल्या रविवारी ऋणमोचनाच्या जत्रेला जातात. पूर्णेच्या काठी, गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा उभा करून बांधलेल्या घाटावर अंघोळ करतात. मला नेहमी वाटे, या माणसावर कसले ऋण, की याने एवढ्या नेमाने ते फेडायला जावे? जायला पाहिजे होते आम्ही.

नकाशा अजून मंजुरीच्या वाटेवर आहे. मंजूर झाला, की पहिला कागद सतरा नंबरचा होईल; मामा आणि मामी दोघांच्या नावाने. तोवर दादाने वावरात फक्की टाकून रेघा मारून घेतल्या होत्या. दसऱ्यानंतर एक अवकाळी सर आली आणि सगळ्या रेघा वाहून गेल्या. पाणी मामांनी सांगितलेल्या वाटेनेच गेले. मी पाहायला गेलो तेव्हा चार एकरांत फक्त एका चौकोनाच्या खुणा शाबूत होत्या. सतरा नंबरच्या चार कोपऱ्यांवर मामांनी चार दगड पुरून ठेवले होते. बत्तीस वर्षे थांबलेला माणूस चुन्याच्या रेघेवर विसंबत नाही.

परवा दुबईहून दुरुस्त नकाशाची शेवटची प्रत आली. यंदा त्याला सुटी नाही. सतरा नंबरच्या चौकोनात त्याने बारीक तुटक रेघेने एक घर काढले आहे, आणि घरापुढे दोन ठिपके. फोन करून विचारले, ठिपके कसले? तो म्हणाला, "मामींची तुळस आणि रांजण, सर."

आणि मधल्या हिरव्या चौकोनात त्याने पुन्हा लिहिले आहे, 'मोकळि जागा'.

या वेळी मी लाल शाई उघडली नाही.